बुरान: एका उड्डाणानंतर थांबलेलं सोव्हिएत शटल

गेल्या महिन्यात या सदरात अमेरिकेच्या स्पेस शटलबद्दल लिहिताना शेवटी सोव्हिएत ‘बुरान’चा ओझरता उल्लेख केला होता. त्या एका ओळीवर इतके प्रश्न आले, की या वेळचं सगळं सदर बुरानलाच द्यायचं ठरवलं. ज्यांनी हे नाव पहिल्यांदाच ऐकलं त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. पुन्हा पुन्हा वापरता येईल असं अंतराळयान बांधायचा निर्णय सोव्हिएत संघाने १९७६ मध्ये घेतला. १५ नोव्हेंबर १९८८ रोजी ते यान माणसाशिवाय वर गेलं, पृथ्वीभोवती दोन फेऱ्या मारून विमानासारखं धावपट्टीवर उतरलं, आणि त्यानंतर पुन्हा कधीच उडालं नाही. १९९३ मध्ये कार्यक्रम गुंडाळला गेला. अंतराळयुगातला मला सगळ्यात जास्त चटका लावणारा प्रकल्प हाच आहे.

नाशिकचे एक निवृत्त शिक्षक लिहितात: “बुरानचा फोटो पाहिला तर ते हुबेहूब अमेरिकन शटल दिसतं. रशियनांनी सरळ नक्कल केली, असं म्हणायला काय हरकत आहे?”

बाहेरच्या आकारापुरतं म्हणत असाल तर काहीच हरकत नाही. शटलबद्दलचे तांत्रिक कागद अमेरिकेत ढिगाने छापले जात होते, त्यातले बरेचसे उघडपणे मिळत होते आणि मॉस्कोत ते पद्धतशीर गोळा केले जात होते. यानाचे मुख्य रचनाकार ग्लेब लोझिनो-लोझिन्स्की यांनी त्याआधी ‘स्पिराल’ या छोट्या लढाऊ अंतराळविमानावर काम केलं होतं. त्याचा आकार अगदी निराळा, चपट्या बुडाचा आणि वर वळलेल्या नाकाचा. पण वरून मागणी आली ती अमेरिकन यान जे जे करू शकेल ते ते करणाऱ्या यानाची. वर ३० टन न्यायचे, सामानाचा कप्पा १८ मीटर लांब हवा, परतताना कक्षेच्या रेषेपासून बाजूला दोन हजार किलोमीटरच्या आसपास सरकता यायला हवं. मागणी तीच आणि हवाही तीच असली, की पंख जवळपास तसेच येतात. त्यातून तो आकार अमेरिकेने विंड टनेलमध्ये हजारो तास तपासलेला. वेगळं काही करून बघायची जोखीम कोणी उचलली नाही.

पण दोन्ही यानांचे फोटो मागच्या बाजूने बघा. शटलच्या शेपटीखाली तीन मोठी मुख्य इंजिनं दिसतात. बुरानला ती नाहीतच. तिथे आहेत ती फक्त कक्षेत जाण्यायेण्यासाठी लागणारी लहान इंजिनं. बाकी सगळी ताकद ‘एनर्जिया’ या रॉकेटमध्ये होती. हे रॉकेट जवळपास ६० मीटर उंच आणि उड्डाणाच्या क्षणी सुमारे २,४०० टन वजनाचं. मधल्या भागाला द्रव हायड्रोजन आणि ऑक्सिजनवर चालणारी चार इंजिनं, आणि भोवती केरोसीनवर चालणारे चार बूस्टर. प्रत्येक बूस्टरखाली आरडी-१७० नावाचं एकेक इंजिन होतं. सातशे टनांहून अधिक रेटा देणारं हे इंजिन म्हणजे उड्डाणात वापरलेल्या द्रवइंधन इंजिनांपैकी सगळ्यात ताकदवान.

या रचनेमुळे एनर्जिया बुरानवर अवलंबून राहिलं नाही. यानाऐवजी सुमारे १०० टनांचा दुसरा कुठलाही बोजा त्याच्या कुशीला लावता येत होता. १५ मे १९८७ रोजी पहिल्या उड्डाणात तेच केलं. ‘पोल्युस’ नावाचा सुमारे ८० टनांचा लष्करी प्रायोगिक सांगाडा बरोबर दिला. एनर्जियाने आपलं काम चोख केलं. सुटल्यावर पोल्युसला स्वतःभोवती अर्धाच वळसा घ्यायचा होता, त्याने पूर्ण गिरकी घेतली, इंजिन उलट दिशेने चाललं आणि तो प्रशांत महासागरात पडला.

सुरक्षिततेतही फरक होता. शटलचे घन इंधनाचे बूस्टर एकदा पेटले की विझवता येत नसत, आणि जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर हे शटल गेलं ते अशाच बूस्टरच्या सांध्यातून आग बाहेर आल्यामुळे. एनर्जियाचे बूस्टर उड्डाणातही बंद करता येत होते. उलट अमेरिकेच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. शटलबरोबर त्याची महागडी मुख्य इंजिनं परत यायची, आणि एनर्जियाच्या मधल्या भागाची चार इंजिनं प्रत्येक वेळी जायची. बूस्टर पॅराशूटने उतरवून पुन्हा वापरायची योजना होती, पण तिथपर्यंत काम पोहोचलंच नाही. ‘पुन्हा वापरता येणारं’ हे विशेषण बुरानला लागू पडतं, सगळ्या संचाला नाही.

सोलापूरहून अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: “एवढं मोठं यान बांधायचं तर त्याला काम काय द्यायचं हे आधी ठरलं असेल ना? मला कुठेच नीट वाचायला मिळत नाही.”

नीट वाचायला मिळत नाही, कारण नीट ठरलंच नव्हतं. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणाचं मूळ इथेच आहे.

चंद्रावर माणूस नेण्यासाठी बांधलेलं सोव्हिएत एन-१ रॉकेट १९६९ ते १९७२ या काळात चार वेळा उडवलं आणि चारही वेळा फसलं. मे १९७४ मध्ये ते बांधणाऱ्या संस्थेचे प्रमुख वसिली मिशिन यांना दूर करून वालेंतिन ग्लुश्को यांच्याकडे सूत्रं दिली गेली. ग्लुश्कोंना स्वतःला चंद्रावर तळ उभारायचा होता आणि त्यासाठी अवजड रॉकेटं हवी होती. पंख असलेल्या यानाचा त्यांना फारसा सोस नव्हता. पण तोवर अमेरिकेत शटलचं काम जोरात सुरू झालं होतं, आणि नासा जे आकडे जाहीर करत होती त्यांनी मॉस्कोत अस्वस्थता पसरली. वर्षाला साठ उड्डाणं! प्रत्येक वेळी २९ टनांच्या वर सामान नेणार आणि १४ टनांच्या वर परत आणणार.

मस्तिस्लाव केल्डिश यांच्या उपयोजित गणित संस्थेत या आकड्यांचा कीस पाडला गेला. पैशांचा हिशेब काही केल्या जुळेना. साध्या फेकून द्यायच्या रॉकेटने तेच सामान कमी खर्चात वर जात होतं. शिवाय अमेरिका दरवर्षी एवढं सामान आणणार कुठून, आणि कक्षेतून खाली आणण्यासारखं एवढं आहे तरी काय? या प्रश्नाचं सरळ उत्तर ‘नासाने हिशेब फुगवला आहे’ असं होतं. ते उत्तर कोणाला पटेना. माणसाला चंद्रावर उतरवणारे लोक एवढी मोठी चूक कशी करतील? मग दुसरं उत्तर शोधलं गेलं, की खरं काम लष्करी आहे आणि ते लपवलेलं आहे. कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्ग लष्करी तळावरून शटल उडवायची तयारी तर उघड होती. तिथून उडून एकाच फेरीनंतर तिथेच परतता यावं म्हणून यानाला बाजूला सरकायची क्षमता दिलेली. संस्थेतल्या गणितज्ञांनी मांडलं, की असं यान कक्षेतून खाली सूर मारून मॉस्कोवर बॉम्ब टाकून पुन्हा वर जाऊ शकेल. लेझर अस्त्रांची चाचणी आणि सोव्हिएत उपग्रह पळवून नेणं याही शक्यता धरल्या गेल्या. १७ फेब्रुवारी १९७६ रोजी सरकारचा आणि पक्षाचा संयुक्त हुकूम निघाला आणि बुरान सुरू झालं.

पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. शटलची वर्षाला साठ उड्डाणं कधीच झाली नाहीत. सगळ्यात गर्दीच्या वर्षात, १९८५ मध्ये, नऊ झाली. व्हँडेनबर्गहून एकही शटल उडालं नाही. म्हणजे सोव्हिएत गणितज्ञांचा पैशांचा हिशेब बरोबर होता! त्यांनी स्वतःच्या बेरजेपेक्षा प्रतिस्पर्ध्याच्या हुशारीवर जास्त विश्वास ठेवला. शेजाऱ्याने बोअर मारली म्हणून आपणही मारायची आणि शेतात काय पेरायचं ते नंतर बघायचं, असा तो निर्णय होता. ‘त्यांनी काही केलं तर आपल्यालाही करता आलं पाहिजे’ एवढं एकच काम बुरानला दिलं गेलं. अमेरिकेने ते काही केलंच नाही, तेव्हा बुरानच्या हाताला काम उरलं नाही.

ठाण्याहून प्रश्न आहे: “आत वैमानिक नसताना हे यान धावपट्टीवर उतरलं कसं? जमिनीवरून रिमोटने उतरवलं का?”

नाही. जमिनीवरच्या रेडिओ खुणांवरून त्याला आपली जागा कळत होती, पण निर्णय यानातले संगणक घेत होते. आणि त्या दिवशी त्यांनी एक निर्णय असा घेतला, की नियंत्रण कक्षातल्या सगळ्यांच्या काळजाचा ठोका चुकला.

पहिला प्रयत्न २९ ऑक्टोबर १९८८ रोजी झाला होता. दिशा जुळवण्याची उपकरणं धरणारा एक प्लॅटफॉर्म रॉकेटपासून हवा तितक्या लवकर दूर सरकला नाही आणि ५१ सेकंद उरलेले असताना संगणकाने उड्डाण थांबवलं. दुरुस्तीत दोन आठवडे गेले. १५ नोव्हेंबरला बायकोनूरच्या उड्डाणतळावर काळे ढग, बोचरी थंडी आणि वादळाचा इशारा. तरीही उड्डाण करायचं ठरलं. मॉस्कोच्या घड्याळात सकाळचे सहा, आपल्याकडे साडेआठ, तेव्हा एनर्जियाने बुरानला उचललं आणि काही क्षणांत ते ढगांत दिसेनासं झालं. रॉकेटपासून सुटल्यावर बुरानने स्वतःची इंजिनं दोनदा चालवून साधारण २५० किलोमीटर उंचीची कक्षा गाठली.

दोन फेऱ्यांनंतर ते खाली यायला लागलं. यानात जेट इंजिन नव्हतं, म्हणजे चुकलं तर पुन्हा वर उचलून दुसरा प्रयत्न करायची सोय नव्हती. उंची आणि वेग हेच इंधन, आणि ते बरोबर धावपट्टीच्या टोकाशी संपलं पाहिजे. धावपट्टीवर ताशी ६० किलोमीटरच्या आसपास वारा सुटलेला, तोही तिरका. वीसेक किलोमीटर उंचीवर असताना सगळ्यांची अपेक्षा होती की बुरान नेहमीच्या बाजूने वळसा घेऊन धावपट्टीसमोर येईल. त्याने अचानक डावीकडे वळण घेतलं आणि धावपट्टीची रेषा ओलांडून ते पलीकडे निघालं. नियंत्रण कक्षात काहींना वाटलं की यान हातचं गेलं. वैमानिक मागोमेद तोलबोएव्ह मिग-२५ हे लढाऊ विमान घेऊन त्याच्या भेटीला गेले होते आणि मागच्या आसनावर कॅमेरामन चित्रण करत होता. त्यांनाही हे वळण अनपेक्षित होतं.

संगणकाने केलं होतं ते असं. वाऱ्यामुळे उंची आणि वेगाचा हिशेब बदलला होता आणि सरळ आलं असतं तर ते धावपट्टीपाशी जास्त वेगात पोहोचलं असतं. म्हणून लांबच्या बाजूचा वळसा घेऊन त्याने जादा ऊर्जा जिरवली. हा पर्याय कार्यक्रमात लिहिलेला होता, पण तो वापरायची वेळ येईल असं फार कमी जणांना वाटलं होतं. मग बुरान वाऱ्याकडे तोंड करून, ताशी २६३ किलोमीटर वेगाने टेकलं. साडेचार किलोमीटर लांबीच्या धावपट्टीच्या मध्यरेषेपासून ते थांबलं अवघ्या तीनेक मीटरवर. उड्डाणापासून जेमतेम तीन तास पंचवीस मिनिटं झाली होती. अंगावरच्या ३८ हजारांहून अधिक उष्णतारोधक फरशांपैकी गळल्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

याला मी सोव्हिएत अभियांत्रिकीतल्या सर्वोत्तम कामांत धरतो. अमेरिकेच्या शटलने १३५ उड्डाणांत एकदाही सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपोआप लँडिंग केलं नाही. कक्षेतून येऊन धावपट्टीवर स्वतः उतरणारं अमेरिकन यान, एक्स-३७बी, पहिल्यांदा उतरलं ते डिसेंबर २०१० मध्ये. बुराननंतर बावीस वर्षांनी!

हे एका दिवसात जमलेलं नव्हतं हेही सांगायला हवं. बुरानचीच एक प्रतिकृती चार जेट इंजिनं लावून मॉस्कोजवळच्या झुकोव्स्कीच्या विमानतळावरून १९८५ ते १९८८ या काळात पंचवीसच्या आसपास वेळा उडवली होती. टीयू-१५४ या प्रवासी विमानांत बुरानची नियंत्रण यंत्रणा बसवून तीही पुन्हा पुन्हा आपोआप उतरवली होती.

कोल्हापूरच्या एका वाचकांचा प्रश्न: “बुरानसाठी निवडलेल्या वैमानिकांचं पुढे काय झालं?”

हे लिहिताना वाईट वाटतं. झुकोव्स्कीच्या उड्डाण संशोधन संस्थेतले चाचणी वैमानिक १९७०च्या दशकातच निवडले होते आणि त्यांचे म्होरके होते इगोर वोल्क. अंतराळातून परतलेल्या माणसाला वजनरहित अवस्थेनंतर लगेच विमान उतरवता येईल का, हे तपासायला वोल्क यांना जुलै १९८४ मध्ये सोयुझ टी-१२ मधून साल्युत-७ स्थानकावर पाठवलं. (त्याच स्थानकावर तीन महिन्यांपूर्वी आपले राकेश शर्मा राहून आले होते, आणि त्या वेळी तिथे असलेली यजमान तुकडी वोल्क पोहोचले तेव्हाही तिथेच होती.) परतल्याबरोबर वोल्क यांनी टीयू-१५४ आणि मिग-२५ चालवून दाखवलं.

पहिल्या समानव उड्डाणासाठी वोल्क आणि रिमांतास स्तांकेविचुस ही जोडी ठरली होती. राखीव जोडी होती अनातोली लेव्हचेन्को आणि अलेक्झांडर शुकिन यांची. लेव्हचेन्को डिसेंबर १९८७ मध्ये वोल्क यांच्याप्रमाणेच अंतराळात जाऊन आले आणि आठ महिन्यांत मेंदूतल्या गाठीने गेले. त्याच महिन्यात, ऑगस्ट १९८८ मध्ये, शुकिन विमान अपघातात गेले. स्तांकेविचुस सप्टेंबर १९९० मध्ये इटलीतल्या हवाई प्रात्यक्षिकात एसयू-२७ कोसळून गेले. त्याआधी १९८० मध्ये गटातले ओलेग कोनोनेन्को याक-३८ विमानाच्या अपघातात दगावले होते. वोल्क २०१७ पर्यंत जगले, पण ज्या यानासाठी आयुष्य दिलं त्यातून अंतराळात जायचं राहून गेलं.

मुंबईहून दोघांनी जवळपास सारखंच विचारलं आहे: “उड्डाण इतकं यशस्वी झाल्यावर बंद का केलं? गोर्बाचोव्ह यांनी केलं की येल्त्सिन यांनी? सोव्हिएत संघ टिकला असता तर बुरान टिकलं असतं का?”

तारीख विचाराल तर १९९३, म्हणजे येल्त्सिन यांचा काळ. पण तोवर बंद करायला उरलं होतं काय? १९८९ पासून पैसा आटत गेला आणि १९९० मध्ये काम जवळपास थांबलं. या प्रकल्पात हजाराहून अधिक कारखाने-संस्था आणि दहा लाखांच्या आसपास माणसं गुंतली होती असं सांगितलं जातं. सोव्हिएत संघ फुटला तेव्हा उड्डाणतळ कझाकस्तानात गेला. बूस्टर बांधणारा द्नेप्रोपेत्रोव्स्कचा कारखाना आणि एनर्जियाची नियंत्रण यंत्रणा करणारी खार्किवची संस्था युक्रेनमध्ये गेली. रशियाकडे पगार द्यायलाही पैसे नव्हते.

तरीही ‘संघ फुटला म्हणून बुरान मेलं’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. बुरानचा मुख्य ग्राहक होता संरक्षण खातं. अमेरिकेचं शटल बॉम्ब टाकायला येत नाही हे उघड झाल्यावर त्यांचा रस संपला. चॅलेंजरनंतर खुद्द अमेरिकेचं लष्कर शटलकडून पुन्हा साध्या रॉकेटकडे वळलं होतं. सोव्हिएत मीर अंतराळ स्थानकाला माणसं आणि सामान सोयुझ, प्रोग्रेस ही यानं आणि प्रोटॉन रॉकेटं व्यवस्थित पोहोचवत होती, आणि तेही कितीतरी कमी खर्चात. बुरानने न्यायचे ३० टन कुठेच तयार होत नव्हते. संघ टिकला असता तर आणखी चार-पाच उड्डाणं झाली असती. त्यानंतर कोणीतरी तोच जुना हिशेब पुन्हा मांडला असता.

एक गोष्ट मात्र जवळून बघण्यासारखी आहे. दुसरं यान जवळपास पूर्ण झालं होतं आणि ते मीरला जोडायचं ठरलं होतं. त्यासाठी मे १९९० मध्ये मीरकडे पाठवलेल्या ‘क्रिस्ताल’ या भागाच्या टोकाला बुरानसाठीच घडवलेलं जोडणीचं दार होतं. व्लादिमीर सिरोम्यात्निकोव्ह यांनी रचलेलं, दोन्ही बाजू सारख्याच असलेलं. त्याच दाराला जुळणारं एक सोयुझही बांधलं होतं, सोयुझ टीएम-१६, आणि जानेवारी १९९३ मध्ये ते तिथे जोडलं गेलं. मग जून १९९५ मध्ये त्या दाराशी एक पंखवालं यान आलं. ते होतं अमेरिकेचं अटलांटिस. त्यासाठी शटलवर रशियन बनावटीची जोडणी बसवावी लागली होती, आणि पुढे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला शटल जोडलं जायचं तेही त्याच घराण्याच्या यंत्रणेने.

बुरान थांबवणं मला पटतं, पण एनर्जिया थांबवणं आजही पटत नाही. दोन उड्डाणं केली आणि दोन्ही वेळा रॉकेटने दगा दिला नाही. त्या वर्गातलं वजन उचलणारं रॉकेट पुन्हा यशस्वी व्हायला नोव्हेंबर २०२२ उजाडलं, जेव्हा नासाचं एसएलएस उडालं. यानाला काम नव्हतं म्हणून रॉकेटही गेलं. त्याची इंजिनं मात्र वाचली. आरडी-१७० अर्धं करून आरडी-१८० बनवलं गेलं आणि ते अमेरिकेने विकत घेतलं. प्लुटोकडे गेलेलं न्यू होरायझन्स आणि मंगळावर उतरलेलं क्युरिऑसिटी यांना वर नेणाऱ्या अ‍ॅटलस-५ रॉकेटांच्या तळाशी तेच इंजिन होतं.

नागपूरहून: “युद्धात नष्ट झालेलं अजस्र अँतोनोव्ह विमान बुरानसाठी बांधलं होतं, हे खरं का?”

खरं आहे. पण एएन-२२५ म्हणजे ‘म्रिया’ पहिल्यांदा उडालं २१ डिसेंबर १९८८ रोजी, बुरानच्या उड्डाणानंतर महिनाभराने. मॉस्कोजवळच्या तुशिनोच्या कारखान्यातून बुरान आधी तराफ्यावरून नदीमार्गे झुकोव्स्कीला नेलं. तिथून जुन्या बॉम्बर विमानात बदल करून बनवलेल्या व्हीएम-टीच्या पाठीवर ते बायकोनूरला गेलं. या विमानाला ५० टनांवर झेपत नसे, म्हणून यान अर्धवटच पाठवलं आणि शेपूट वगैरे तिकडे बसवली. म्रियाने बुरान पाठीवर घेऊन जगाला दाखवलं ते जून १९८९ मध्ये पॅरिसच्या हवाई प्रदर्शनात. फेब्रुवारी २०२२ मध्ये कीवजवळ होस्तोमेल विमानतळावर ते विमान नष्ट झालं.

सातारचा अकरावीतला एक मुलगा विचारतो: “इस्रोचं पुष्पक यान म्हणजे आपलं बुरान का?”

उतरण्याची पद्धत तीच, आकारमानात जमीन-अस्मानाचा फरक. बुरानचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन १०० टनांच्या घरात होतं. इस्रोने २३ मे २०१६ रोजी श्रीहरिकोटाहून ६५ किलोमीटर उंचीपर्यंत पाठवलेलं आरएलव्ही-टीडी हे प्रायोगिक यान पावणेदोन टनांचं होतं आणि ते ठरल्याप्रमाणे बंगालच्या उपसागरात उतरवलं. नंतर त्याच कार्यक्रमातलं दुसरं यान, म्हणजे पुष्पक, कर्नाटकात चित्रदुर्गजवळ चिनूक हेलिकॉप्टरने साडेचार किलोमीटर उंचीवरून सोडून धावपट्टीवर आपोआप उतरवायच्या तीन चाचण्या झाल्या: २ एप्रिल २०२३, २२ मार्च २०२४ आणि २३ जून २०२४. शेवटच्या चाचणीत यान मुद्दाम धावपट्टीपासून ५०० मीटर बाजूला सोडलं होतं आणि ते स्वतः रेषेवर आलं. टेकतानाचा वेग ताशी ३२० किलोमीटरहून जास्त, म्हणजे बुरानपेक्षाही अधिक.

पुढची पायरी कक्षेतून परत येण्याची आहे. ती बरीच अवघड आहे, कारण परतीच्या उष्णतेची खरी परीक्षा तिथे होते. सोव्हिएतांनीही आपल्या उष्णतारोधक फरशा आधी ‘बोर-४’ या छोट्या यानांवर तपासल्या होत्या, आणि त्यातली पहिली दोन १९८२ आणि १९८३ मध्ये हिंदी महासागरात उतरली होती. ऑस्ट्रेलियाच्या टेहळणी विमानाने तेव्हा त्यांचे फोटो काढले, ते नासाकडे गेले, आणि त्या आकारावरून नासाने एचएल-२० या छोट्या यानाच्या आराखड्याचा अभ्यास केला. अमेरिकेचं आजचं ड्रीम चेसर यान त्याच वंशातलं. नकलेचा आरोप करताना हेही ध्यानात ठेवावं. तुला या विषयात पुढे काही करायचं असेल तर बोर-४ पासून वाचायला सुरुवात कर.

जर्मनीत स्टुटगार्टला नोकरी करणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न: “बुरान आज कुठे बघायला मिळेल? मूळ यान अजून आहे का?”

अंतराळात गेलेलं मूळ यान उरलेलं नाही. १२ मे २००२ रोजी बायकोनूरच्या त्या अवाढव्य इमारतीचं छत कोसळलं. ही इमारत मुळात एन-१ चंद्र रॉकेटच्या जुळणीसाठी बांधलेली. छतावर दुरुस्तीचं काम चालू होतं, आठ कामगार गेले आणि खाली ठेवलेलं बुरान चिरडलं गेलं. जवळपास पूर्ण झालेलं दुसरं यान आणि एक प्रतिकृती बायकोनूरच्याच दुसऱ्या इमारतीत वर्षानुवर्षं धूळ खात पडली आहेत. चोरून आत शिरणाऱ्यांनी काढलेले तिथले फोटो तुम्ही बहुधा पाहिले असतील. तिथे जायच्या फंदात पडू नका. मॉस्कोत एक चाचणी-सांगाडा पूर्वी गोर्की पार्कमध्ये होता, तो २०१४ पासून व्हीडीएनएच प्रदर्शनाच्या आवारात आहे.

तुमच्यासाठी सगळ्यात सोपं म्हणजे श्पायरचं तंत्रज्ञान संग्रहालय, स्टुटगार्टहून गाडीने एका दिवसात जाऊन येण्यासारखं. वोल्क आणि स्तांकेविचुस यांनी उडवलेली जेट इंजिनवाली प्रतिकृती सिडनी आणि बहरीनचा फेरा करून २००८ मध्ये तिथे पोहोचली. आधी मागच्या बाजूला जा आणि जेट इंजिनं बघा. अंतराळात गेलेल्या बुरानला ती नव्हती.